नकाशात नसलेला गोठा

वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत हल्ली 'पाळीव प्राण्यांसाठी घर कसे सजवावे' या विषयावर लेख येऊ लागले आहेत. सोबत एक चित्र असते. पांढराशुभ्र सोफा, त्यावर सोनेरी केसांचा कुत्रा, खाली आरशासारखी फरशी आणि कोपऱ्यात वेताच्या टोपलीत मांजर. कुत्र्याच्या पायाला चिखल नाही आणि सोफ्यावर एक केस नाही! गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो, आणि आमची माती तांबडी आहे. एवढे ज्याला ठाऊक आहे त्याला ते चित्र पाहून हसूच येईल.

पण मित्रहो, विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जनावरांसह राहायचे घर कसे असावे हा प्रश्न गोव्याला नवा नाही. आपल्या पणज्या-आज्यांनी तो कधीच सोडवून ठेवला होता. आपण जुनी घरे पाडून बंगले बांधले तेव्हा ते उत्तरही चिऱ्या-कौलांबरोबर टिप्परमध्ये भरून बाहेर पाठवले. त्याचा हिशेब बघायचा असेल तर मयेला यावे.

डिचोलीहून चोडणच्या वाटेला लागले की मये लागते. पर्यटकांना मये म्हणजे तळे, भाविकांना मये म्हणजे लईराईची बहीण महामाया आणि माल्याची जत्रा. पंचायती आणि पालिकांना मात्र मये आठवते ते सिकेरीमुळे. तिथे गोमंतक गोसेवक महासंघाची गोशाळा आहे. गोव्यातल्या रस्त्यांवर मोकाट फिरणारी, वाहनांखाली येऊन जखमी झालेली, भाकड म्हणून सोडून दिलेली गुरे गाडीत घालून तिथे आणली जातात. ती कुणाच्या मालकीची, हे सांगायला सहसा कुणी पुढे येत नाही. मालकी सांगितली की दंड भरावा लागेल, आणि दंडापेक्षाही मोठी अडचण म्हणजे जनावर परत घरी न्यावे लागेल. घरी न्यायचे तर बांधायचे कुठे?

माझे म्हणणे एवढेच आहे, की सिकेरीला पोचलेली बहुतेक गुरे कुणाच्या ना कुणाच्या घराच्या नकाशातून गळलेली आहेत. गाय एका रात्रीत रस्त्यावर येत नाही. आधी घराच्या आराखड्यातून गोठा जातो. मग गाय अंगणात माडाला बांधली जाते. मग अंगणात पेव्हर बसतात, आणि शेणाचे डाग पडतात म्हणून गाय गेटबाहेर जाते. गेटबाहेर रस्ता असतो. कुत्र्याचेही तसेच. ओसरी गेली की त्याची जागा जाते, जागा गेली की साखळी येते, आणि साखळीला बांधलेला कुत्रा दिवसरात्र भुंकतो म्हणून एक दिवस त्याला कुणीतरी बाजारात नेऊन सोडतो. दया कमी झाली म्हणून हे घडते असे मला वाटत नाही. दया असते, पण तिला उभे राहायला चार हात जागा घरात नसते.

जुन्या घराचा नकाशा जनावरांनीच आखला होता असे म्हटले तरी चालेल. अंगण कोंबड्यांचे आणि कुत्र्याचे. अंगणातून दोन पायऱ्या चढून सोपो, म्हणजे बसायचे दगडी किंवा सिमेंटचे बाक असलेली पुढची जागा. पावसाळ्यात कुत्रा तिथवर यायचा. उंबरठ्याच्या आत त्याला मज्जाव, आणि हा नियम घरातल्या मुलांपेक्षा त्याला आधी कळायचा. मांजराला मात्र सगळ्या घराचा परवाना. भिंत आणि कौले यांच्यामधल्या फटीतून ते जायचे-यायचे, माळ्यावर विणीला बसायचे, चुलीच्या उबेला झोपायचे. लाडापेक्षा त्यात व्यवहार अधिक होता. घरात भाताची कणंग होती, कणंग म्हटली की उंदीर आले, आणि उंदीर आले की त्यांच्यामागे साप. मांजर म्हणजे घरातला बिनपगारी पहारेकरी. मागीलदारी न्हाणीचे पाणी केळीला जायचे. तिथेच एका अंगाला गोठा, त्याचे छप्पर बहुधा घराच्या पडवीला लागून असायचे, म्हणजे भर पावसात रात्री गाय व्यायली तरी छत्री न घेता तिच्यापाशी पोचता यावे. गोठ्यातले शेण जमीन सारवायला, उरलेले शेणी थापायला, आणि त्यातूनही उरले तर पोफळीच्या मुळाशी. दिवाळीच्या पाडव्याला गुरांना न्हाऊ घालून गळ्यात फुलांच्या माळा घालायच्या, तो गोरवांचा पाडवा. घरातल्या माणसांइतकाच त्यांचाही सण.

हे सगळे गोडच होते असे सांगणारा खोटे बोलतो. त्या गोठ्यात डास घोंघावायचे. घरभर सारवण घालताना बायकांचे गुडघे आणि कंबर कामातून जायची. सारवलेल्या जमिनीचे कौतुक पुरुषांनी फार केले, सारवली मात्र बायकांनी. कुत्र्याला उरलेसुरले खायला मिळायचे, लस हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. पिसाळलेल्या कुत्र्याची दहशत माझ्या पिढीतल्या अनेकांना अजून आठवत असेल. त्या बाबतीत आजचा गोवा शंभर पटींनी बरा आहे. घरोघर आणि रस्तोरस्ती कुत्र्यांना लस देण्याचे काम गेल्या दहा-बारा वर्षांत येथे झाले आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तेव्हा मला जुने घर जसेच्या तसे परत नको आहे. त्यातली एकच गोष्ट हवी आहे: प्रत्येक जिवाची जागा घर बांधण्याआधी ठरलेली असायची.

ती जागा गेली कशी? एकेक पाऊल पाहिले तर प्रत्येक पाऊल शहाणपणाचेच होते. पॉवर टिलर आला, बैल गेले. गॅस आला, शेणी गेल्या. सकाळी गोवा डेअरीची पिशवी दारात येऊ लागली, गाय गेली. सिमेंटची जमीन आली, सारवण गेले. भात गिरणीत आणि कणंग अडगळीत गेली, तेव्हा मांजराचीही नोकरी सुटली. यातली एकही गोष्ट चूक म्हणता येत नाही. आमच्या डिचोली तालुक्यात त्यावर खाणींची भर पडली. लोहखनिजाला भाव आला त्या वर्षांत शेते गाळाने भरली आणि अनेक घरांशेजारी जिथे गोठा होता तिथे कर्ज काढून घेतलेला टिप्पर उभा राहिला. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्याने पुन्हा बंद पडल्या. टिप्पर ताडपत्री पांघरून उभा राहिला. पण गाय काही परत आली नाही.

मयेची गोष्ट याहूनही एक पदर जास्त आहे. हा सगळा गाव पोर्तुगीज अमदानीत एका कोंडाच्या, म्हणजे पोर्तुगीज सरदार घराण्याच्या मालकीचा. १९६१ साली गोवा मुक्त झाला, मालक निघून गेला, आणि १९६४ च्या कायद्याने ही मालमत्ता 'स्थलांतरितांची मालमत्ता' म्हणून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. गोवा मुक्त झाला, पण मयेकरांच्या पायाखालची जमीन मुक्त झाली नाही. पिढ्यान्पिढ्या ज्या घरात राहतात त्या घराची जमीन आपली नाही; काही बांधायचे, वाढवायचे तर परवानगीचा फेरा. लोकांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली, तेव्हा कुठे २०१४ साली विधानसभेने त्यासाठी कायदा केला आणि पुढे सनदा द्यायला सुरुवात झाली. त्या कामाची गती सरकारी कामाची असते तीच राहिली. असो.

घराच्या सजावटीशी या इतिहासाचा काय संबंध, असे कुणी विचारील. फार जवळचा आहे. ज्याची जमीन स्वतःची नाही तो गोठ्याला पक्का पाया घालत नाही. मोडक्या वाशांवर झावळ्या किंवा पत्रा टाकून वेळ भागवतो. असा गोठा गळतो, त्यात चिखल होतो, जनावरांचे खूर कुजतात, आणि मग 'गाय पाळणे परवडत नाही' हे वाक्य तयार होते. हातात सनद पडल्यावर पहिले काम काय, तर घर पाडून स्लॅबचा बंगला! ते स्वाभाविकच आहे. पन्नास वर्षे दाबून ठेवलेली हौस होती ती. पण त्या बंगल्याचा आराखडा येतो पर्वरीच्या नाहीतर म्हापशाच्या कचेरीतून, आणि त्यात मोटारीला जागा असते, चपलांना कपाट असते, गाईला नसते. मजा बघा, मुंडकारांच्या संरक्षणासाठी १९७५ साली जो कायदा झाला त्याने 'राहते घर' म्हणताना घराभोवतालची जमीन आणि गोठ्यासारखी घराच्या वापरातली बांधकामेही हिशेबात धरली. कायदा लिहिणाऱ्यांना जे दिसले ते आपल्याला दिसू नये? वास्तुशास्त्रवाल्यांना विचारून आपण देवघर ईशान्येला आणि चूल आग्नेयेला नेतो; तेच शास्त्र गोठा वायव्येला सांगते, पण तेवढे पान मात्र कुणी उलटत नाही.

एका मोटारीला उभी राहायला साधारण साडेबारा चौरस मीटर जागा लागते. एका मोठ्या गाईला छपराखाली साडेतीन चौरस मीटर पुरते. म्हणजे एका मोटारीच्या जागेत तीन गाई आरामात मावतात. जागेची अडचण नाही. अडचण आहे ती गोठा म्हणजे गलिच्छ वस्तू आणि ती बंगल्याच्या दर्शनी भागाला शोभत नाही, या समजुतीची. नीट बांधलेला गोठा देखणा असतो. चिऱ्यांच्या कमरेएवढ्या भिंती, वर मोकळे, त्यावर मंगळुरी कौले. जमीन खरबरीत सिमेंटची, तिच्यावर खाचा ओढलेल्या, आणि मागच्या बाजूला उतार: साधारण पन्नास हातांना एक हात. त्याच्या टोकाला उघडी नाली, नालीतून गोमूत्र आणि धुण्याचे पाणी थेट माडा-पोफळीकडे. उतार कमी पडला की पाणी साठते आणि डास होतात, जास्त झाला की गाभण गाय घसरते. एवढा एक उतार गवंड्याने नीट साधला की गोठ्याची निम्मी दुर्गंधी तिथेच संपली. आणि गोठ्यात पाळायला होल्स्टीनच हवी असे नाही. आपली गावठी गाय 'श्वेत कपिला' या नावाने देशी वंश म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंदली गेली आहे. पांढरट रंग, मध्यम चण. दूध कमी देते खरे, पण या दमट हवेत आणि पावसात निभावून नेणारी तीच.

गाय सगळ्यांनाच पाळता येणार नाही हे मलाही समजते. पण कुत्रा-मांजर आता जवळजवळ घरटी आहे. तेव्हा ज्यांची पायाभरणी व्हायची आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

सगळ्यात आधी जमीन. हल्ली गावोगावच्या घरांत आरशासारख्या गुळगुळीत टाईल्स बसतात. दिसायला झकास, पण कुत्र्याच्या दृष्टीने ते बर्फाचे मैदान. त्याच्या पंजाला पकड मिळत नाही, मागचे पाय फाकतात, आणि म्हातारपणी आधीच दुखणारे खुबे पार निकामी होतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची गोष्ट वेगळी नाही. पावसाळ्यात गुळगुळीत फरशीवर आजी पडली आणि खुब्याचे हाड मोडले ही बातमी प्रत्येक वाड्यावर असते. जी जमीन कुत्र्याला बरी ती आजीलाही बरी. आपल्याकडे पूर्वी रेड ऑक्साईडची तांबडी जमीन करत. गार, एकसंध, वापरून वापरून तिला येणारी झिलई डोळ्यांना सुखावणारी, आणि तांबड्या चिखलाचे पाऊल तिच्यावर उठून दिसत नाही. असे काम जाणणारे कारागीर थोडे उरले आहेत, पण आहेत. ते नसतील तर खरबरीत कोटा किंवा शहाबादी घाला. टाईल्सच हव्यात तर बिनचकाकीच्या घ्या. दुकानदार नमुना दाखवतो तेव्हा तो ओला करून त्यावर अनवाणी पाय ठेवून बघा. दुकानदार हसला तर हसू दे.

दुसरी गोष्ट दाराशी. पूर्वी पायऱ्यांच्या कडेला पाण्याचे भांडे आणि पाय धुवायचा दगड असायचा. शेतातून आलेला माणूस पाय धुऊनच वर चढायचा. तो दगड आपण काढून टाकला आणि त्या जागी 'वेलकम' लिहिलेले पायपुसणे टाकले! तो दगड परत आणा. गुडघ्याएवढ्या उंचीवर एक नळ, खाली चार बोटे खोल चौकोन, त्याला निचरा. कुत्र्याचे पाय, मुलांचे पाय, शेतातले गमबूट, सगळे तिथेच. आणि भिंतीच्या पायथ्याला दीड-दोन फूट उंचीचा गडद तांबडा पट्टा ओढा. पावसाचे शिंतोडे आणि कुत्र्याने घासलेले अंग त्या पट्ट्यात लपून जाते. जुनी घरे रंगवणाऱ्याला हे कुणी शिकवले नव्हते, त्याने फक्त एक पावसाळा डोळे उघडे ठेवून पाहिला होता. मात्र भिंतीच्या फटी नीट बुजवून घ्या. कुत्र्याच्या अंगावरची गोचिडीण रक्त पिऊन टम्म झाली की खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. कुत्र्याला कितीही औषध लावा, फट उघडी असेल तर गोचीड परत येतेच, आणि तिच्याबरोबर तापही.

सोपो मात्र कुणीही सोडू नये. नव्या बंगल्यांत त्याच्या जागी चार फुटांचा 'सिट-आऊट' येतो, जिथे कुणी बसत नाही. पूर्वीसारखे बाक बांधा, आणि बांधताना एका बाकाच्या पोटात कमान ठेवा, दोन हात लांब, दीड हात खोल. ती कुत्र्याची खोली. वर आजोबा पेपर वाचतात, खाली कुत्रा झोपतो. दोघांनाही रस्ता दिसतो आणि पहाटे पदेराची घंटा दोघांनाही एकदमच ऐकू येते. याहून देखणे घर मला कुठल्याही पुरवणीत दिसलेले नाही.

रात्रीचा विचार मात्र वेगळा करावा लागतो, आणि पुरवणीतला लेखक तो करत नाही, कारण त्याच्या शहरात बिबटा नसतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या, काजूच्या डोंगरांना लागून असलेल्या गावांत तो असतो. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात संशोधकांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या खाण्याचा अभ्यास केला. २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या आहारात सर्वात मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के, मांजरांचा १५. म्हणजे अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा ही घराची राखण नव्हे, ते बिबट्याला वाढलेले ताट आहे. त्याला पळताही येत नाही. तेव्हा सोप्याला रात्री लावता येईल अशी जाळीची दारे करा. लाकडी चौकटीत लोखंडी जाळी बसवली तर वाईट दिसत नाही, आणि रात्री दार लावले की वारा खेळतो, कुत्रा आत राहतो. गोठ्याच्या वरच्या मोकळ्या भागालाही अशीच जाळी हवी, वासरू असेल तर नक्कीच. कोंबड्यांचे खुराडे सापाच्या भीतीने बारीक जाळीचे करतोच ना आपण?

मांजराला घर सजवणाऱ्याकडून फारसे काही नको असते. त्याला उंची हवी. कौलारू घरात ती फुकट मिळायची, स्लॅबच्या घरात दोन-तीन फळ्या भिंतीला चढत्या ठोकल्या की झाले. सोफा ओरबाडतो म्हणून त्याला मारण्यापेक्षा पोफळीचे एक वाळके खोड उभे करून त्याला घट्ट सुंभ गुंडाळा. बाजारातल्या महागड्या खांबापेक्षा हे टिकते आणि आपल्या घरात शोभतेही. घाणीच्या ट्रेसाठी भाताचे तूस चालते. मात्र ते नंतर भाजीच्या वाफ्यात टाकू नका, आणि घरात बाळंतपण जवळ आले असेल तर ट्रे साफ करायचे काम पुरुषाने करावे. फिनाईलने फरशी पुसणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे, की मांजर फरशीवरून चालते आणि मग आपले पंजे चाटते. फिनाईलमधला विषारी अंश कुत्र्यापेक्षाही मांजराच्या शरीराला पचवता येत नाही. बागेचेही तेच. गेटच्या दोन बाजूंना शोभेचे सायकस लावायची हल्ली चढाओढ आहे. त्याच्या बिया कुत्र्याने खाल्ल्या तर यकृतच जाते. कण्हेर देवळाच्या आवारात शोभते, गोठ्याजवळ नको. तिची थोडी पाने गाईला पुरतात. जास्वंद, अबोली, मोगरा, केळी, सोनटक्का... आपल्याकडे फुलांची काय वाण आहे का?

फ्लॅटवाल्यांची कथा निराळी आहे, आणि त्यावर मी थोडक्यातच लिहितो. डिचोली-म्हापशाच्या काही इमारतींत 'कुत्रा पाळायचा नाही' असा ठराव करून फलक लावतात. भारतीय पशु कल्याण मंडळाने २०१५ सालीच स्पष्ट केले आहे, की असा सरसकट मज्जाव संस्थेला करता येत नाही, लिफ्टमध्येही नाही. पण कायदा आपल्या बाजूने आहे म्हणून तीन खोल्यांत हस्की आणून ठेवायचा, हा कसला हट्ट? हस्की बर्फात गाडी ओढणारा कुत्रा. त्याच्या अंगावर दोन थरांची लोकर. आपल्या मे महिन्यात तो चोवीस तास एसीत जगतो आणि वीज गेली की धापा टाकत राहतो. घर त्याच्यासाठी कितीही सजवा, ते त्याला तुरुंगच. आणि इकडे वाड्यावर गावठी सुण्याची पिल्ले पावसात मरतात. कमी केसांची, कमी आजारी पडणारी, उरलेला शीतभात आणि अंडे खाऊन निभावणारी जात सोडून आपण पन्नास हजारांची व्याधी विकत आणतो. ही हौस मला कधी समजलेली नाही.

आता एक आक्षेप घरातूनच येईल, आणि त्याला तुच्छ मानू नये. जुनी माणसे म्हणतील, कुत्रा घरात म्हणजे देवघराचे सोवळे मोडले. ज्या गावात लईराईच्या व्रताला धोंड कडक सोवळ्यात राहतात, त्या गावात या आक्षेपाला वजन आहे. पण जुन्या घराचा नियम 'कुत्रा नको' असा नव्हताच, 'कुत्रा इथवर' असा होता. साखळीच्या दत्तमंदिरात जाऊन आलेल्याला कुत्रे देवाच्या कुठे बसतात ते सांगायला नको: पायाशी. षष्ठीदेवीचे वाहन मांजर. अंतर ठेवून जवळ राहणे ही कला आपल्याकडे होती. घराचा नकाशा पायरीपायरीने आत जाणारा असेल, म्हणजे अंगण, सोपो, वसरी, मग माजघर, तर आजीचे सोवळे आणि नातवाचा कुत्रा एकाच छपराखाली भांडण न होता राहतात. अडचण होते ती गेट उघडले की थेट हॉल आणि हॉलला लागून देव्हारा, अशा घरात. तिथे एक तरी कुणीतरी बाहेर जातो, आणि ती आजी नसते.

मयेत ज्यांच्या सनदा झाल्या आहेत आणि जे दिवाळीनंतर पाया खणायला घेतील, त्यांनी आराखडा करणाऱ्याकडे जाताना एक कागद घेऊन जावा. त्यावर माणसांच्या नावांखाली घरातल्या जनावरांचीही नावे लिहावीत, आणि प्रत्येकासमोर ते कुठे झोपेल ते मागावे. तो म्हणेल, हे नंतर बघू. नंतर बघायचे म्हणजे पत्रा. आपल्याकडे पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते, तेव्हा गोठ्याची आणि बाकाखालच्या कमानीची उघडी बाजू पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवायला सांगा. हे पाया आखतानाच ठरते. स्लॅब पडल्यावर दिशा बदलता येत नाही.